करुणा लोंढेची पात्रता फेरी

करुणा लोंढेनं आयुष्यात एकदाही बॅट हातात धरली नाही. चेंडू एकदाच धरला, तोही दूध डेअरीच्या खिडकीतून आत आला म्हणून. आता ती जळोचीला राहते, दोन मुली आहेत, नवरा शाळेत मास्तर आहे आणि त्याला क्रिकेट आवडत नाही. पण शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या चार गावांना तिनं जे वेड लावलं, ते मी अकराव्या नंबरचा फलंदाज म्हणून जवळून पाहिलंय. माझं नाव बिरू. संघात मी का होतो, असं विचारू नका. स्टंप माझ्या घरी असायचे, एवढंच सांगतो.

करुणा तेव्हा चोवीस वर्षांची, कळंबच्या डेअरीत फॅट बघायची. सकाळ-संध्याकाळ किटल्यांची रांग लागायची. किटली पुढं आली की ती नमुना घ्यायची, मशीनवरचा आकडा बघायची आणि मोठ्यानं वाचायची, "चार पॉइंट दोन. तीन पॉइंट नऊ." त्या पॉइंटवरून रोज कुणी ना कुणी भांडायचंच. गोजरबाई तर ठरलेली.

"काल माजी गाय चार पॉइंट सहा व्हती. आज चार पॉइंट चार कशी गं?"

करुणा पुन्हा नमुना घ्यायची, पुन्हा आकडा बघायची. "चार पॉइंट चारच हाय, मावशी. आता गाईलाच इचारा."

तिच्या आवाजात राग नसायचा आणि लाडही नसायचा. आकाशवाणीवरून बातम्या वाचल्यासारखा सपाट आवाज. तिचे वडील रामभाऊ कारखान्यात फिटर होते, घरात रेडिओ होता, आणि ती लहानपणापासून रेडिओपुढं बसून कॉमेंट्री ऐकत वहीत धावफलक लिहायची. हिंदी, इंग्रजी, जे लागेल ते. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेला भाऊ धम्मदीप आमचा कॅप्टन. तो मैदानावर काय करायचा ते आम्ही विसरायचो. ती विसरायची नाही.

त्या वर्षी वर्ल्ड कप आपल्याकडं होता, आणि एकोणतीस फेब्रुवारीला पुण्यात वेस्ट इंडिज विरुद्ध केनिया. धम्मदीपनं कुठूनतरी तीन तिकिटं मिळवली. तो, करुणा आणि मी पहिल्या एसटीनं निघालो. धम्मदीप स्वारगेट येईपर्यंत आम्हाला सांगत होता, वेस्ट इंडिजवाले कसे मारतात, चेंडू पार पर्वतीवर कसा जाईल. केनियाबद्दल तो एकच वाक्य बोलला. "ते आपले उगं हायत."

उगं असलेल्या केनियानं एकशे सहासष्ट धावा केल्या. धम्मदीप म्हणाला, "बघा, आता वीस ओव्हरीत खलास." आणि मग वेस्ट इंडिजचे गडी एकामागून एक यायला आणि परत जायला लागले. पन्नासच्या आसपास निम्मा संघ तंबूत गेल्यावर सगळं स्टेडियम केनियाच्या बाजूनं उठलं. केनिया नकाशावर कुठं आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं, ते पुणेकर "केनिया, केनिया" करत होते. त्र्याण्णवला वेस्ट इंडिज संपलं. मी एका अनोळखी वकिलाच्या गळ्यात पडलो. धम्मदीप डोक्याला हात लावून बसला होता, जणू त्याच्याच घरचं कुणी बाद झालंय.

करुणाला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. शेजारी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ पेपर घेऊन बसले होते. तिनं त्यांना विचारलं, "काका, हे केनियावाले हितं आले कसे? कुणी बोलावलं त्यांना?"

गृहस्थ खूश झाले. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणूनच ते सकाळपासून बसले असावेत. त्यांनी सगळं सांगितलं. मोठे नऊ देश सरळ येतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. उरलेल्या जागा तीन. त्या तीन जागांसाठी दोन वर्षांपूर्वी नैरोबीला वीस छोट्या देशांची स्पर्धा झाली. तिथं गट पाडले, साखळी खेळवली, गुण मोजले, गुण सारखे झाले तर धावगती बघितली. शेवटी अमिराती, केनिया आणि हॉलंड असे तिघं पात्र ठरले.

"म्हणजे केनियानं ती स्पर्धा जिंकली?"

"नाही हो. फायनल हरले ते. अमिरातीनं हरवलं त्यांना."

"हरले?" करुणा उभीच राहिली. "हरले, तरी आले? आणि आज वेस्ट इंडिजला हाणलं?"

परतीच्या एसटीत ती नुसती हसत होती. यवत गेलं, पाटस गेलं, ती आपली खिडकीकडं बघून हसतेय. भिगवणच्या आसपास ती आमच्याकडं वळून म्हणाली, "आपल्याला भवानीनगरच्या चषकाचं पत्र का येत न्हाय, माहीत हाय का? पत्राशिवाय आत शिरायला दारच न्हाय. दार करावं लागंल."

भवानीनगरला दर मे महिन्यात टेनिस बॉलची मोठी स्पर्धा भरायची. आठ संघ, चार-चारचे दोन गट, प्रत्येक गटातले पहिले दोन पुढं. बारामती, लासुर्णे असे नावाजलेले. ज्यांना पत्र जाईल ते खेळणार. कळंबला कधी पत्र आलं नाही. आमच्यासारखीच निमसाखर, रणगाव आणि बोरी, त्यांनाही कधी नाही.

स्पर्धेचे प्रमुख मानसिंगराव. साठीचे, उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती, त्यांचा आता ऊस होता, आणि दीडशे मेंढरांत एक कमी झालं तर नजरेनं ओळखणाऱ्या माणसाचं ते पोर. करुणा एका दुपारी डेअरी बंद करून सरळ त्यांच्या घरी गेली. सोबतीला मी, कारण धम्मदीपला लाज वाटत होती.

"आबा, या साली सहा संघांना पत्र द्या. दोन जागा मोकळ्या ठेवा."

"कुणासाठी?"

"जे पात्र ठरतील त्यांच्यासाठी." तिनं वही उघडली. चार गावं, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, आठ-आठ षटकं, सहा सामने, दोन रविवार. जिंकलं की दोन गुण. पहिले दोन संघ आत. गुण सारखे झाले तर केलेल्या धावांतून दिलेल्या धावा वजा. षटकं सगळ्यांना सारखीच, त्यामुळं भागाकाराची कटकट नाही.

मानसिंगरावांनी वही डोळ्यांपासून लांब धरून वाचली. "हे कुठनं आणलं?"

"नैरोबीवरनं," मी म्हणालो.

"हे कुठं आलं? टेंभुर्णीच्या पल्याड?"

करुणानं त्यांना केनियाची सगळी गोष्ट सांगितली. पुण्यात काय झालं तेही सांगितलं. मानसिंगराव ऐकता ऐकता पुढं सरकत गेले, आणि त्र्याण्णवचा आकडा ऐकल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. "आयला! बिनपत्राचा गडी पत्रावाल्याला हाणून गेला?" मग म्हणाले, "गेल्या साली दोन पत्रावाले आलेच न्हायत. मी मंडप टाकून बसलोय आन् मैदानात गाढवं. चालतंय पोरी. पर आकडे तूच लिव्हायचे. माझी माणसं लिवतात ती धाव का विकेट, त्यांचं त्यांना कळत न्हाय."

पात्रता फेरी बोरीच्या माळावर झाली. पहिल्या रविवारी आम्ही बोरीला बारा धावांनी हरवलं, आणि रणगावनं निमसाखरला दहानं आणि बोरीला वीसनं. दुसऱ्या रविवारी सकाळी निमसाखर बोरीवर चार धावांनी निसटून जिंकलं. आम्ही रणगावला पाच धावांनी हरवलं. बोरीचा संघ तिन्ही सामने हरला, पण दुपारच्या जेवणात सगळ्यात चांगला रस्सा बोरीचाच होता.

उरला शेवटचा सामना, कळंब विरुद्ध निमसाखर. आमचे चार गुण, त्यांचे दोन. निमसाखरचा कॅप्टन हणमंत हा एवढा दांडगा गडी की त्याच्या हातात बॅट लाटण्यासारखी दिसायची. त्यांनी पहिली बॅटिंग केली आणि ब्याऐंशी धावा ठोकल्या. चारी संघांपैकी कुणीच त्या फेरीत तोवर सत्तरच्या पुढं गेलेलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत धम्मदीप पाणी पिण्याचं निमित्त करून करुणाच्या टेबलाशी गेला आणि हळूच म्हणाला, "आक्का, ब्याऐंशी काय निघत न्हाय आमच्यानं. कमीत कमी किती केलं तर चालंल?"

"तुला एकट्याला न्हाय सांगायची. माइकवर सांगते, दोघांनाबी."

"भाऊ हाय मी तुजा!"

"हणमंताला बी बहीण आसंल की. ती हितं न्हाय, म्हणून त्यानं काय पाप केलं?"

आणि तिनं माइक ओढला. लाउडस्पीकर बाभळीला बांधलेला होता. तिचा सपाट आवाज माळभर पसरला. "दोन्ही संघांनी लक्ष द्यावे. कळंब जिंकल्यास कळंब आणि रणगाव पात्र. निमसाखर जिंकल्यास तीन संघांचे चार-चार गुण होतात. रणगावची शिल्लक पंचवीस, ते पात्रच आहेत. निमसाखर अकरा धावांनी जिंकल्यास कळंबची शिल्लक सहा आणि निमसाखरची पाच, म्हणून कळंब पात्र. निमसाखर बारा धावांनी जिंकल्यास कळंबची पाच आणि निमसाखरची सहा, म्हणून निमसाखर पात्र. म्हणजे कळंबला जिंकण्यासाठी त्र्याऐंशी, पात्रतेसाठी एकाहत्तर. धन्यवाद."

मग हणमंत मोठ्यांदा हसला. "ताई, जिकलं म्हंजी जिकलं! अकरा आन् बारा काय लावलंय? आमी काय दूध घालाया आलोय व्हय?" त्याचा सगळा संघ हसला. रणगावचे लोक मात्र आधीच नाचायला लागले होते. त्यांना फक्त "पात्रच आहेत" एवढं ऐकू आलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

आमची बॅटिंग सुरू झाली आणि चार षटकांत अडतीस धावांवर सहा गडी बाद. मी पॅड नसलेल्या पायांनी येरझाऱ्या घालत होतो. रामभाऊ झाडाखाली बसले होते, ते प्रत्येक विकेटला उठून उभे राहायचे आणि पुन्हा बसायचे. धम्मदीप एका बाजूनं टिकून होता. सात षटकं झाली तेव्हा त्रेसष्ट धावा, आठ बाद.

"शेवटचे षटक," लाउडस्पीकर म्हणाला. "जिंकण्यासाठी वीस. पात्रतेसाठी आठ."

पहिल्या चेंडूवर धम्मदीपनं चौकार मारला. दुसऱ्यावर दोन. तिसरा त्याच्या बॅटच्या कडेला लागला आणि तो उगाचच एक पळाला. सत्तर. पण आता स्ट्राइकवर दुसरा गडी आला, आणि चौथ्या चेंडूला त्याचा मधला स्टंप उडाला.

नऊ बाद. दोन चेंडू. एक धाव. आणि आता मी.

मी आत जाताना हणमंत म्हणाला, "या, या. जिकलोच हाय आमी, तुमी आपली हौस करून घ्या." मी बॅट उचलली. चेंडू आला कुठून ते दिसलं नाही, लागला कुठं ते कळलं. मांडीवर असा सणसणीत बसला की मी ओरडलो, आणि त्याच ओरडण्याला धम्मदीप "पळ" समजून पळत सुटला. तो माझ्या अंगावर येतोय हे बघून मीही पळालो. चेंडू मागं विकेटकीपरच्या पायातून घरंगळत गेला होता. मी लंगडत, हात वर करून, बॅट तिथंच टाकून पलीकडं पोचलो. पंचांनी आपल्या मांडीवर थाप मारून खूण केली, लेगबाय एक.

"एकाहत्तर," लाउडस्पीकर म्हणाला. पहिल्यांदाच तो आवाज जरा हलला.

एक चेंडू शिल्लक. जिंकायला बारा हव्या होत्या, त्या काही एका चेंडूत होत नाहीत. धम्मदीपनं शेवटचा चेंडू असा काही अडवला, जणू झोपलेल्या बाळावर पांघरूण घालतोय. चेंडू त्याच्या पायाशी थांबला. मग त्यानं दोन्ही हातांनी बॅट आभाळाकडं उचलली आणि बोंब ठोकली.

पुढं जे झालं ते बोरीच्या माळानं परत पाहिलं नसेल. निमसाखरवाले जिंकले म्हणून स्टंप उपटून पळत होते. आम्ही हरलो म्हणून त्यांच्यापेक्षा दुप्पट नाचत होतो. हलगीवाला दोघांच्या मध्ये उभा, त्याला कळेना कुणासाठी वाजवायचं, तो आपला दोन्हीकडं वळून वळून वाजवत होता. हणमंत गुलाल लावून घेता घेता थांबला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्यांचं डोस्कं फिरलंय. आरं बिरू, हरलायसा तुमी!"

"व्हय!" मी त्याला मिठी मारली. "अकरानं!"

"आन् आमी जिकलोय!"

"व्हय! अकरानंच!"

तो थांबला. त्यानं बोटं मोजली. मग गुलाल लागलेल्या तोंडानं टेबलाकडं पळाला. तिथं मानसिंगरावही पोचले होते. "ताई," हणमंत म्हणाला, "जिकलो आमी, आन् भाईर बी आमीच?"

"व्हय, दादा," करुणा म्हणाली. "दोन धावा सोडल्या तुमी. पाचव्या षटकात सोपा चेंडू सोडला, तितं." तिनं वही फिरवून त्याच्यापुढं धरली. "मी आधी सांगितलं व्हतं. आठवतंय ना?"

मला वाटलं आता टेबल उडणार. हणमंत वहीकडं बघत राहिला. आकडे होते, खाडाखोड नव्हती, आणि पाचव्या षटकातल्या त्या दोन धावाही दिसत होत्या. "सांगितलं व्हतं," तो म्हणाला. मग एकाएकी त्याला हसू फुटलं, आधी नाकातून आणि मग पोटातून. "आईशपथ, सांगितलं व्हतं! बाभळीवरनं वरडून सांगितलं व्हतं!" तो खाली बसून हसायला लागला आणि त्याचा संघ त्याला उचलायला आला तर तेही हसायला लागले. मानसिंगरावांनी डोळे पुसले आणि तिथल्या तिथं जाहीर केलं की पुढच्या साली पात्रता फेरीला आठ गावं.

मे महिन्यात भवानीनगरला आम्ही दुधाच्या टेम्पोतून गेलो. आमच्या मागून निमसाखरचे लोक दुसऱ्या टेम्पोतून आमचे प्रेक्षक म्हणून आले. "आमाला भाईर काढलंय, आता जिकून दावा," असं हणमंत प्रत्येक षटकाला ओरडायचा. पहिल्या सामन्यात लासुर्ण्यानं आम्हाला चोपन्न धावांनी धुतलं. दुसरा सामना बारामतीशी. त्यांच्या अंगात पांढरे कपडे होते, आमच्यापैकी तिघांच्या अंगात कारखान्याचे खाकी शर्ट. धम्मदीपनं शेवटच्या षटकात दोन गडी काढले आणि आम्ही तीन धावांनी जिंकलो.

त्या निकालाची घोषणा करायला करुणानं माइक घेतला. "निकाल," ती म्हणाली, आणि थांबली. "निकाल. कळंब संघ," आणि पुढं नुसता कसलातरी आवाज यायला लागला. लोकांना वाटलं लाउडस्पीकर बिघडला. ती हसत होती. पुण्याहून येताना एसटीत हसली होती, तसंच. मानसिंगरावांनी माइक हातात घेतला, "कळंबच्या पोरांनी," म्हणाले आणि तेही गेले कामातून. शेवटी निकाल हणमंतानं सांगितला, आणि त्यानं निमसाखर जिंकल्यासारखा सांगितला.

तिसरा सामना आम्ही तीस धावांनी हरलो. रडवेले होऊन मंडपाखाली बसलो तेव्हा रामभाऊंनी विचारलं, "पोरी, अजून काय वाट हाय का?" करुणानं पेन्सिल काढली. बराच वेळ ती लिहीत होती आणि आम्ही अकरा जण तिच्या पेन्सिलीच्या टोकाकडं बघत होतो. आम्हाला आत्ता हरवणाऱ्यांचेही गुण आमच्याइतकेच दोन होते, पण शिल्लक आमच्याहून वाईट होती. बारामतीही दोनच गुणांवर, पण शिल्लकेत पुढं होती, आणि तिचा लासुर्ण्याशी सामना बाकी होता. त्यात लासुर्ण्यानं पहिली बॅटिंग करून एकशे तीस केल्या होत्या.

"एक वाट हाय," करुणा गंभीरपणे म्हणाली. "बारामती एकशे चौतीस धावांनी हरायला पायजे."

धम्मदीपनं हिशेब केला. "आक्का, लासुर्ण्याच्या एकशे तीसच हायत. म्हंजी बारामतीनं..."

"उणे चार करायच्या."

मग हणमंत उठला आणि सीमारेषेकडं चालायला लागला. "मग बसलाय काय? चला की! उणे चार! काय लई न्हाईत!" आम्ही सगळे त्याच्या मागं गेलो, कळंब आणि निमसाखर दोन्ही, सीमारेषेवर ओळीनं बसलो आणि लासुर्ण्याच्या बोलरला "उणे! उणे!" असं ओरडायला लागलो. बोलर गोंधळून आमच्याकडं बघत धावत आला. बारामतीच्या गड्यानं पहिल्याच चेंडूवर आमच्या ओळीतून चौकार मारला.

रामभाऊ लेकीकडं वळले. "आता आठ लागतील का गं, उणे?"

करुणानं पेन्सिल कानावर ठेवली आणि आमच्या ओळीत पाय पसरून बसली. "आता न्हाय जमायचं, बाबा," ती म्हणाली, "पर बघूया की, सामना चांगला हाय."